मृगापूर्वी बारा दिवस : सहकुटुंब औलीला



वैशाखात रानात फारसे काम नसते. गहू-हरभरा घरात आलेला असतो, नांगरट होऊन ढेकळे उन्हात तापत पडलेली असतात, मुलांच्या शाळांना सुट्टी असते आणि मृगाला अजून तीन-चार आठवडे अवकाश असतो. लग्नसराई सोडली तर शेतकऱ्याच्या घरचा मोकळा काळ एवढाच. शहरातली नोकरदार मंडळी या दिवसांत थंड हवेच्या ठिकाणी जातात आणि आपण पारावर बसून पाऊस कधी येईल याचे आडाखे बांधतो. यंदा तुम्हीही सहकुटुंब बाहेर पडावे, असे मला सुचवायचे आहे. जागाही जरा वेगळीच सुचवतो. ती म्हणजे हिमालयातली औली.

औली हे बर्फावर घसरण्याच्या खेळाचे ठिकाण आहे. पायाला लांब फळ्या बांधायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि डोंगराच्या उतारावरून वाऱ्यासारखे खाली यायचे, हा तो खेळ. जानेवारी ते मार्च हा त्याचा हंगाम. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे झाल्या. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण आणि स्कीइंग शिकवणारी संस्थाही इथेच आहे. मग मे महिन्यात तिथे काय ठेवले आहे, असे तुम्ही विचाराल. मे महिन्यात तिथे गवत आहे. ज्या उतारावर हिवाळ्यात खेळाडू घसरतात तो उतार म्हणजे मुळात गुरे-मेंढ्यांचे कुरणच आहे. गढवाली लोक अशा उंचावरच्या कुरणाला ‘बुग्याल’ म्हणतात. बर्फ उतरले की खालचे कुरण पुन्हा मोकळे होते. शेतकऱ्याला औली बघायची असेल तर ती याच दिवसांत बघावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बर्फाखाली काय आहे हे बर्फ असताना कळत नाही.

दुसरे कारण अगदी व्यवहाराचे. बद्री-केदारची यात्रा आपल्या गावोगावची मंडळी करतातच. ऋषीकेशहून बद्रीनाथला जाताना जोशीमठ हे गाव लागते आणि औली त्याच्या बरोबर डोक्यावर आहे. हजारो मराठी माणसे दर उन्हाळ्यात जोशीमठला चहा पिऊन पुढे जातात आणि वर मान करून बघत नाहीत. यात्रेच्या वाटेवर दोन मुक्काम वाढवले की झाले. देवही घडतो आणि मुलांना हिमालयही दिसतो.

जनावरांचे काय?

हा प्रश्न पहिला येतो, म्हणून आधी त्याचाच विचार करू. दावणीला दुभती म्हैस असली की घर सोडवत नाही. आपल्याकडे पेरणीला, काढणीला सावड करायची रीत आहे. तीच रीत सुट्टीसाठी का वापरू नये? यंदा शेजाऱ्याने तुमची जनावरे सांभाळायची, पुढच्या वैशाखात तुम्ही त्याची. धारेचे दूध त्याने घ्यावे म्हणजे हिशेबही राहत नाही. वैरण, पेंड आधीच मोजून काढून ठेवा, लसीकरण उरकून घ्या आणि व्यायला आलेली गाय-म्हैस असेल तर ते वर्ष सोडा. फळबाग असेल तर पाण्याच्या पाळ्या लिहून भिंतीला लावून ठेवा. तोंडी सांगितलेल्या पाळ्या दोन दिवस टिकतात.

बेत बारा-तेरा दिवसांचा धरा. दोन दिवस हरिद्वारपर्यंत रेल्वेने. पुढे ऋषीकेशहून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, पण ते आपल्या सपाटीवरचे अडीचशे नव्हेत. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल नदी. एका दिवसात जाता येते. पण बरोबर म्हातारी माणसे आणि मुले असतील तर वाटेत श्रीनगर किंवा रुद्रप्रयागला रात्र काढावी. हे श्रीनगर गढवालचे, काश्मीरचे नव्हे. अंधार पडल्यावर डोंगरातला प्रवास करू नये. पुढे औलीला दोन दिवस, बद्रीनाथ आणि पलीकडच्या माणा गावाला दोन दिवस, आणि परतीचा प्रवास. बद्रीनाथसाठी सरकारकडे आधी नाव नोंदवावे लागते, ते घरूनच करून घ्या. मेच्या पहिल्या पंधरवड्यात निघालात तर मृगाच्या आत घरी येता. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तिकडे जाऊ नये. दरडी कोसळून रस्ते बंद पडतात, आणि तेव्हा तुम्हाला सवडही नसते.

आता घरच्या बाईविषयी. शेतकऱ्याच्या बायकोला रजा नसते, हे मी तीस वर्षे गावोगाव हिंडताना पाहत आलो आहे. ती यात्रेला गेली तरी बसच्या टपावर स्टोव्ह, पातेली आणि पिठाचा डबा जातो आणि हरिद्वारच्या धर्मशाळेत पहाटे चार वाजता तीच वीस माणसांच्या भाकरी थापते. मग तिला देवळाचा कळस तेवढा दिसतो. या प्रवासात स्टोव्ह न्यायचा नाही, ही एक अट पाळा. वाटेत साधे जेवण सगळीकडे मिळते. वरण-भात, पोळी, राजमा, बटाट्याची भाजी. चव निराळी लागेल, पण बारा दिवसांनी कोणी वाळत नाही.

कळसूबाईहून उंच गाव

कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. जोशीमठ हे गाव त्याहून उंच, सुमारे १८९० मीटरवर वसलेले आहे. म्हणजे आपले शिखर जिथे संपते त्याच्या वरती तिथे बाजारपेठ, शाळा आणि बसस्थानक आहे. औली २५०० ते ३००० मीटरच्या पट्ट्यात येते. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. पहिल्या दिवशी चालताना धाप लागली, डोके जड झाले तर घाबरू नका, पण पळापळही करू नका. एक रात्र जोशीमठला काढून मग वर जावे. दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि औषधे जवळच्या पिशवीत ठेवावी. डोके फार दुखून उलट्या होऊ लागल्या तर उपाय एकच, खाली उतरणे. मे महिन्यातही रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो. स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि बूट हवेत. घोंगडी असेल तर ती घ्याच, तिच्यासारखे दुसरे काही नाही.

जोशीमठहून औलीला सुमारे चार किलोमीटर लांबीचा रज्जुमार्ग आहे. तो जानेवारी २०२३ पासून बंद ठेवलेला आहे. त्याचे कारण पुढे सांगतो. सध्या मोटारीच्या रस्त्यानेच वर जावे लागते. औलीत पोचल्यावर मात्र उघड्या खुर्च्यांचा एक छोटा पाळणा आहे, सुमारे आठशे मीटर लांबीचा. पाय खाली लोंबकळत, कुरणावरून तरंगत जायचे. मुलांना तो फार आवडतो. चालू आहे की नाही याची चौकशी आधी करावी. सरकारी पर्यटक निवास वर आहे. खोली घरून निघण्यापूर्वीच पक्की करा.

सकाळी लवकर उठा. नऊ-दहानंतर ढग चढतात आणि मग काही दिसत नाही. पहाटे समोर नंदादेवी उभी असते, ७८१६ मीटर. बाजूला द्रोणागिरी. रामायणात हनुमंताने उचलला तो हाच पर्वत, अशी तिथली श्रद्धा आहे. आणि त्या पायथ्याच्या द्रोणागिरी गावचे लोक आपला डोंगर नेला म्हणून अजून मारुतीवर रुसलेले आहेत! तिथे मारुतीची पूजा करत नाहीत. आपल्याकडे गाव म्हटले की मारुतीचे देऊळ आधी. हे ऐकून आमच्याबरोबरच्या एका पाटलांनी कपाळाला हात लावला होता.

ओळखीची पिके

औलीहून थोडे खाली उतरले की गावांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या जमिनी लागतात. आपण ज्याला मजगी म्हणतो तीच. दगडांचे सुके बांध, मागे हात-दोन हात रुंदीपासून खोलीएवढ्या रुंदीचे तुकडे. ट्रॅक्टर जाणे शक्य नाही. लहान चणीचे बैल आणि माणसाची पाठ एवढीच साधने. गढवालात पिकते काय, ते ऐका. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. झंगोरा हा आपल्या उपासाच्या भगरीच्या जातीचा. गहत म्हणजे हुलगा. रामदाना म्हणजे राजगिरा. दीड हजार किलोमीटर जाऊन बघावे तो कोकणातल्या आणि मावळातल्या डोंगरी शेतकऱ्याचीच शिदोरी.

तिथे ‘बारानाजा’ नावाची पद्धत आहे. एकाच रानात नाचणी, राजगिरा, राजमा, हुलगा, उडीद, काळे सोयाबीन अशी बारा-एक धान्ये मिसळून पेरायची. काही उंच, काही पसरणारी, काही वेलाची. राजमा राजगिऱ्याच्या ताटाला धरून चढतो. द्विदल धान्यांमुळे जमिनीला नत्र मिळते, जमीन झाकलेली राहून धूप कमी होते आणि पाऊस कसाही आला तरी दोन-चार पिके हाती लागतात. हरभऱ्यात करडईचे किंवा बाजरीत तुरीचे पाटे टाकणाऱ्या आपल्या आजोबांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. सलग एका पिकाचा सल्ला आमच्याच खात्याने एके काळी हिरिरीने दिला, हेही इथे लिहायला हरकत नाही. बागायतीत तो ठीकच होता. डोंगरउताराला मात्र हीच पद्धत शोभते.

या शेतीची बहुतेक कामे बायका करतात. पुरुष सैन्यात किंवा सपाटीवरच्या शहरात. पहाटे बायका जंगलात जातात आणि बांज नावाच्या झाडाचा पाला, गवत, सरपण यांचे डोक्यापेक्षा उंच ओझे पाठीवर घेऊन येतात. आमच्या बरोबरच्या एक आजी रस्त्यात थांबल्या आणि अशाच एका बाईचा विळा हातात घेऊन त्याची धार अंगठ्याने बघू लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पाच मिनिटांत म्हैस किती दूध देते इथपर्यंत बोलणे गेले होते. पोरे घर सोडून गेल्यामुळे उत्तराखंडात शेकडो गावे ओस पडली आहेत. कुलपे लावलेली दगडी घरे रस्त्यावरून दिसतात. मुलांना ती जरूर दाखवा. त्यावर भाष्य करायची गरज पडत नाही.

कुरणाची कातडी

औलीच्या वर सुमारे तीन किलोमीटरवर गोरसों बुग्याल आहे. बांज आणि देवदाराच्या झाडीतून चढ चढत गेले की एकदम मोकळे माळ लागते. घरचे चांगले चालणारे असतील तेवढ्यांनी जावे. हे कुरण वर्षातले चार-पाच महिनेच वाढते, बाकीचे दिवस बर्फाखाली झोपलेले. खाली मातीचा थर पातळ. मुळांचे जाळे हीच त्याची कातडी. ती एकदा फाटली की भरून यायला वर्षे लागतात. तंबू ठोकून, शेकोट्या पेटवून ती फाटत चालली होती. म्हणून उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी केली.

आणि पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, परदेशात स्थायिक झालेल्या एका धनिक घराण्याने खुद्द औलीच्या उतारावर दोन मुलांची लग्ने लावली. खर्च दोनशे कोटींचा, असे वर्तमानपत्रांत आले. पाहुणे गेले आणि मागे शेकडो क्विंटल कचरा राहिला. न्यायालयाने त्यांना तीन कोटी रुपये आधीच भरायला लावले होते, हेलिकॉप्टर उतरवायलाही मनाई केली होती. तरी कचरा उचलता उचलता नगरपालिकेच्या नाकी नऊ आले. आपल्या गायरानात कोणी असा मांडव घातला असता तर गावाने काय केले असते, हे तुम्हीच ठरवा.

बर्फाचे पाणी मुरायलाही हेच गवत लागते. उघड्या खडकावरून पाणी धावत सुटते, गवताळ उतारावर ते मुरते. हिवाळ्यात पडलेले बर्फ एप्रिल ते जून हळूहळू वितळते आणि झऱ्यांना, नद्यांना पाणी पुरवत राहते. आपल्याकडे वर्षाचे सारे पाणी चार महिन्यांत पडते आणि बांध नसेल तर चार तासांत ओढ्याला जाते. तिथे निसर्गानेच डोंगरावर साठा करून तो सावकाश सोडायची सोय केली आहे. अलीकडे मात्र काही हिवाळ्यांत औलीत पुरेसे बर्फच पडले नाही आणि स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. खेळ पुढच्या वर्षी होतो. झऱ्यांना ते वर्ष उपाशी काढावे लागते.

जोशीमठच्या भेगा

आता रज्जुमार्ग का बंद आहे ते सांगतो. जोशीमठ हे आदि शंकराचार्यांच्या मठाचे गाव. हिवाळ्यात बद्रीनाथाची गादी इथल्या नरसिंह मंदिरात असते. २०२४ मध्ये या तालुक्याचे नाव ज्योतिर्मठ असे करण्यात आले. हे गाव अखंड खडकावर वसलेले नाही. फार पूर्वी डोंगर कोसळून जो दगडमातीचा ढीग साचला, त्या ढिगावर ते बसले आहे. गावाच्या तळाशी अलकनंदा आणि धौलीगंगा पायथा कुरतडत असतात. १९७६ साली मिश्रा समितीने हे सारे लिहून ठेवले होते. भारी बांधकाम करू नका, सुरुंग लावू नका, मोठे धोंडे हलवू नका, झाडे तोडू नका, सांडपाण्याला पक्की गटारे करा, असा तिचा सल्ला होता.

तरी हॉटेले उभी राहिली, मजल्यांवर मजले चढले. सांडपाणी जमिनीत मुरत राहिले. जानेवारी २०२३ मध्ये घरांच्या भिंती, रस्ते, शेताचे बांध तडकू लागले. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून असे दिसले की २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचली होती. आठशेहून अधिक घरांना तडे गेले, एकमेकांवर कललेली दोन हॉटेले उतरवावी लागली आणि ऐन थंडीत माणसांना घरे सोडावी लागली. जवळच्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यामुळे हे झाले, असे गावकरी म्हणतात. प्रकल्पवाल्यांनी ते नाकारले आहे. त्या वादात मी पडत नाही. पण भुसभुशीत उतारात पाणी मुरले की मातीचे वजन वाढते आणि तिची पकड सुटते, हे कोणत्याही मृदसंधारणाच्या पुस्तकात पहिल्या पानांत असते.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातले तळिये, २०२३ च्या जुलैत खालापूरची इर्शाळवाडी. कारणे प्रत्येक ठिकाणी थोडी निराळी असतील, पण उतार आणि पाणी ही दोन सगळीकडे होती. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या वाचकांनी जोशीमठला थांबून त्या भेगा मुद्दाम पाहाव्यात आणि घरी आल्यावर पावसाळ्यात आपल्या घरामागचा डोंगर तसाच पाहावा. माथ्यावर जमिनीला अर्धगोल चीर पडली आहे का? सरळ झाडे वाकडी झाली आहेत का? दारे-खिडक्या एकाएकी घट्ट बसू लागल्या का? नसलेला झरा फुटला किंवा असलेल्या झऱ्याला गढूळ पाणी येऊ लागले का? यांतले काही दिसले तर ग्रामपंचायत आणि तहसीलदारांना लगेच कळवावे, आणि पावसाचा जोर असेल तर कळवत बसण्याआधी पोराबाळांना घेऊन बाहेर पडावे. उतारावर नवी मजगी काढताना किंवा घरासाठी जागा सपाट करताना डोंगराचा पाय तोडू नये. वरचे पाणी चर काढून बाजूला ओढ्यात न्यावे.

जोशीमठच्या पुढे नीतीच्या रस्त्याला पंचवीस-एक किलोमीटरवर रैणी गाव आहे. २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी झाडांना कवटाळून ठेकेदाराच्या माणसांना परत पाठवले ते हेच रैणी. त्याच गावाजवळ ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेला वरून खडक-बर्फाचा लोंढा आला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली किंवा बेपत्ता झाली. एक दिवस हाताशी असेल तर तिथे जाऊन यावे. निदान मुलींना न्यावे.

मग अशा ठिकाणी जावे की न जावे? जावे, असेच मी म्हणेन. यात्रेकरू आणि पर्यटक थांबले तर उरलीसुरली घरेही बंद होतील. फक्त मोठ्या हॉटेलांऐवजी एखाद्या घरगुती निवासात उतरा, पाणी जपून वापरा, प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुड्या परत पिशवीत घालून खाली आणा. शेतकरी माणूस दुसऱ्याच्या रानातून बांधावरूनच चालतो. तेवढे बुग्यालवर पाळले तरी पुरे.

जोशीमठात ‘कल्पवृक्ष’ म्हणून फार जुने झाड दाखवतात. ते तुतीचे आहे, रेशीमवाल्या शेतकऱ्यांनी चुकवू नये. बुरांशच्या लाल फुलांचे सरबत मिळते, ते मुलांना द्या. आणि बाजारात तिथला राजमा मिळतो, त्यातला दोन किलो घ्या. दाणा लवकर शिजतो, रस्सा दाट होतो. आपल्याकडे कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा या जातीचाच आहे, शिजवून दोन्हींची चव ताडून बघा. पण तिकडचा राजमा बियाणे म्हणून रानात टाकू नका. तो थंड हवेत वाढलेला, इथल्या पाऊसपाण्यात नुसता पाला करील आणि शेंगा धरणार नाही, अशीच शक्यता जास्त. परसात चार दाणे टोचून बघायला मात्र कोणाची ना नाही.